अपीलवाले सर

‘समजलं’ हे उत्तर सर स्वीकारत नसत. काहीही समजावून झाले की ते चष्मा काढून हातात धरत आणि म्हणत, “मग आता तुम्ही मला सांगा.” समोर भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असो, भाजीवाली असो की एसटीचा वाहक, ती गोष्ट आपल्या शब्दांत परत सांगेपर्यंत त्याची सुटका नसे. भंडारा-नागपूर गाडीवरच्या एका वाहकाने त्यांना एकदा सहज विचारले होते, “सर, हे अपील म्हणजे काय असते जी?” गाडी मौद्याला पोचली तेव्हा त्या वाहकाला पहिले अपील आणि दुसरे अपील यांतला फरक सांगता येत होता. ‘अपीलवाले सर’ हे नाव त्यानेच दिले. पुढे ते साऱ्या बसस्थानकात रूढ झाले आणि सरांनीही ते चालवून घेतले.

सर भंडाऱ्यातल्या एका महाविद्यालयात शिकवत. मूळ गाव लाखांदूर तालुक्यात, दिघोरीच्या बाजूला. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. वडिलांनी मजुरी करून धानाच्या थोड्या बांधी, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, घेतल्या, त्या पाटाच्या अगदी शेवटी. गावाला जुना मालगुजारी तलाव आहे. त्याचे पाणी पाटात सोडणाऱ्या दाराला तिकडे तुडूम म्हणतात, आणि ते दार उघडणाऱ्या, पाणी वाटणाऱ्या माणसाला पाणकर. शेवटच्या बांधीत पाणी पोचल्याशिवाय तुडूम बंद करायचे नाही, अशी गावाची रीत होती. ती सगळे तोंडाने मान्य करत. पण शेवटी पाणी पोचले की नाही हे वरच्या लोकांना दिसत नसे, आणि दिसत नसल्यामुळे ‘पोचलं असेल’ असे म्हणता येत असे. सरांचे बालपण या ‘असेल’च्या खालच्या टोकाला गेले. याबद्दल ते कधी तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. “निरीक्षण तिथूनच सुरू झालं,” एवढेच म्हणत.

मी त्या वेळी एका दैनिकासाठी जिल्हा न्यायालयाच्या बातम्या देत असे. भंडाऱ्यातल्या एका प्राध्यापकाने एका मोठ्या कंपनीवर पेटंटभंगाचा दावा लावला आहे, असे कळले म्हणून त्यांच्या घरी गेलो. दहा ओळींची बातमी होती. सरांनी टेबलावर पत्र्याचे पाच डबे ओळीने मांडले आणि समजावू लागले. प्रत्येक डब्यात पाण्याची पातळी ओळखणारा संवेदक आणि लहानसा रेडिओ. पाटावर ठरावीक अंतराने ते बसवायचे. मोबाइलचा टॉवर नको, तार नको. डबे एकमेकांना बिनतारी निरोप देत देत तलावापर्यंत पोचवतात. अडचण अशी की सगळे एकदम बोलू लागले तर कोणाचेच ऐकू येत नाही. त्यासाठी सरांनी बोलण्याचा क्रम शोधला होता, आणि पेटंट त्या क्रमाचे होते.

“मग आता तुम्ही मला सांगा.”

मी सांगितले की पहिला डबा दुसऱ्याला कळवतो, दुसरा तिसऱ्याला.

“नाही. परत.”

तिसऱ्या वेळी जमले. पाणी पोचले की शेवटचा डबा आधी बोलतो. त्याचा निरोप घेऊन त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. शेवटच्याचा आवाज आला नाही तर बाकीचे गप्प राहतात आणि तुडुमाजवळचा दिवा लालच राहतो. या क्रमामुळे निरोपांची टक्कर होत नाही आणि बॅटरी वाचते, हे तंत्राचे अंग. शेवटची बांधी कोणाला विसरता येत नाही, हे दुसरे अंग. सर दोन्ही एकाच स्वरात सांगत.

कंपनीने बाजारात आणलेल्या संचात हाच क्रम होता. फरक एकच. शेवटचा डबा ऐच्छिक ठेवला होता. घेणाऱ्याने सांगितले तर तो वगळून चौथ्यालाच शेवटचा ठरवता येत असे. पेटंट कशाला हवे, असे मी विचारले तेव्हा सरांनी त्याच डब्याकडे बोट दाखवले. “हा कोणी काढू नये म्हणून. पेटंट माझ्याकडे असेल तर अट मी घालू शकतो. पाच घ्या, नाही तर घेऊ नका.” त्यांच्या दाव्यात भरपाईची मागणी वकिलाने घातली म्हणून होती. सरांना मनाई हुकूम हवा होता.

या दाव्याची मुळे गावच्या मंडईत होती. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, दुकाने लागतात, दंडारीचा नाच होतो, नाटकाचा मंडप पडतो. पेटंटचा अर्ज करण्याच्या आधीच्या वर्षी सरांनी आपले पाच डबे त्या मंडईत नेले. तलावावर कुठलीही नवी वस्तू चारचौघांना दाखवल्याशिवाय लावायची नाही, हा गावाचा नियमच आहे. न दाखवता लावलेली वस्तू पंधरवड्यात उपटून फेकलेली सापडते, आणि कोणी फेकली ते कोणाला ठाऊक नसते. गावचे पाणकर सोमाजी यांनी दुकानांच्या मागे कुदळीने एक लहान पाट खोदून दिला. त्यात बादलीने पाणी ओतत सरांनी दिवसभर डबे चालवून दाखवले, आणि सवयीप्रमाणे एकेकाकडून परत सांगून घेतले. वरच्या बांधीवाल्यांकडून तर दोनदा. सोमाजी अक्षर शिकलेले नव्हते, पण पाणी वाटण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी सांगितले आणि वर म्हणाले, “हे तं माहंच काम डब्बा करून राह्यला. मंग मी काय करू, मंडईत चिवडा इकू?”

लोक हसले, आणि डबे लावायला कोणी हरकत घेतली नाही.

पुढचा पूर्ण हंगाम सरांनी डबे पाटावर ठेवून तपासले. धान कापून झाल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे म्हणता येत नाही, असे त्यांचे मत होते. कापणी झाली, मळणी झाली, मग त्यांनी पेटंटचा अर्ज केला. तोवर मंडईला एक वर्ष होऊन वर काही आठवडे गेले होते.

भंडाऱ्यात दावा चालला तेव्हा कंपनीचे म्हणणे होते की ही पद्धत आमच्या अभियंत्यांनी स्वतंत्रपणे आणि आधी शोधली. पेटंटच अवैध आहे, हा बचावही त्यांनी कैफियतीत एका कलमात घालून ठेवला होता. त्याकडे कोणी फार पाहिले नाही. सरांच्या वकील तरुण होत्या, मेहनती होत्या. सर त्यांना मॅडम म्हणत. शोध सरांचा आहे आणि कंपनीच्या आधीचा आहे, हे सिद्ध करायचे तर ज्यांनी तो आधी पाहिला त्यांना उभे करावे, असे त्यांनी ठरवले. त्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. गावातून माणसे यायला तयारच होती. सोमाजी धुतलेले धोतर नेसून पहिल्या गाडीने आले.

त्यांची साक्ष मी ऐकली आहे. मंडईत काय पाहिले ते त्यांनी सांगितले. मग कंपनीचे वकील उलटतपासणीला उठले. नागपूरहून आलेले, शांत गृहस्थ होते.

“सोमाजी, तुम्ही डबे पाहिले. आत काय चाललं होतं ते तुम्हाला कसं कळणार?”

“काहून नाही कळनार?”

“तुमचं शिक्षण?”

“शिक्षन नाही साहेब. पन शेवटचा डब्बा आधी बोलते. त्याच्यात पानी आलं का तो वरच्याले सांगते, वरचा त्याच्या वरच्याले. शेवटचा बोललाच नाही तं कोनीच बोलत नाही. एकदम सारे बोलले तं गलका होते, मनून तसं केलं. सरानं समजावलं होतं आमाले.”

“त्याच दिवशी? मंडईत?”

“त्याच दिवशी. साऱ्याईले.”

“धन्यवाद. प्रश्न संपले.”

सरांच्या बाजूच्या बाकांवर समाधान पसरले. सोमाजी पिंजऱ्यातून उतरताना कोणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. समोरचे वकीलही समाधानाने खाली बसले, याचा अर्थ त्या दिवशी कोणी लावला नाही.

भंडाऱ्याचा निकाल सरांच्या बाजूने लागला. भंग सिद्ध झाला आणि मनाई हुकूम मिळाला. पेटंटच्या वैधतेबद्दल निकालात थोडेच होते: जत्रेत लोकांनी डबे पाहिले म्हणजे त्यांना पद्धत कळली असे होत नाही. जिल्ह्यातल्या न्यायालयातून असा निकाल क्वचित येतो, म्हणून आमच्या दैनिकाने फोटो छापला. गावात पेढे वाटले गेले. सर मात्र मनाई हुकुमाची प्रत कापडी पिशवीत घालून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी तास घेतला.

कंपनीने नागपूरला उच्च न्यायालयात अपील केले. मनाई हुकुमाला स्थगिती लवकर मिळाली. अपील ऐकायला मात्र वर्षे गेली. कोणी मुद्दाम लांबवले असे म्हणता येणार नाही. रोजच्या यादीत प्रकरणे खूप असत, सरांचा क्रमांक खाली असे, आणि तिथवर पोचण्याआधी दिवस संपे. वकील न्यायालयात असले की पुरते, पक्षकाराने यायची गरज नसते, असे मॅडमनी त्यांना अनेकदा सांगितले. सर तरीही जात. जेवणाचा डबा बरोबर असे. दुपारी वऱ्हांड्यात बसून भाजीपोळी खात, आणि संध्याकाळच्या गाडीने परतत.

“का सर, लागला का निकाल?” वाहक विचारत.

“लागेल.”

“आमच्या लेकीचं लगन झालं, तिले पोरगं झालं, तुमचं अपील तिथंच.”

“पोराचं नाव काय ठेवलं?” सर विचारत. तेवढाच विषय बदलत असे.

एकदा अर्धी सुनावणी झाली आणि न्यायाधीश बदलले. सारे पुन्हा पहिल्यापासून. “नवीन वर्ग आला,” सर म्हणाले. “पुन्हा पहिल्या धड्यापासून.” पहिल्यांदा ते हसून म्हणाले होते. असे पुन्हा झाले तेव्हा त्यांनी वाक्य तेच वापरले, पण हसले नाहीत. त्या काळात ते निवृत्त झाले, गुडघे धरू लागले. आणखी एक बदल मला उशिरा ध्यानात आला. कोणी ‘समजलं’ म्हटले की सर ‘बरं’ म्हणून गप्प बसू लागले होते.

याच वर्षांत आम्ही एकदा पवनी तालुक्यात, कोंढ्याच्या पुढे, एका तलावावर गेलो. तिथे कंपनीचा संच बसला होता. स्थगिती असल्यामुळे त्यात बेकायदा काही नव्हते. पाणी समितीचे अध्यक्ष आदराने सामोरे आले, चहा मागवला. सरांनी पाटाच्या कडेने शेवटपर्यंत चालत जाऊन पाहिले. चार डबे होते.

“पाचवा?”

“तो नाही घेतला जी. घ्या नाही तं नका घेऊ, असं होतं. त्याचा काय उपयोग? पानी तं खाली जातेच.”

“पोचते का?”

“पोचत असन न.”

सरांनी चहा पूर्ण प्याला आणि आभार मानले. परतताना गाडीत म्हणाले, “आता दिवा हिरवा लागतो आणि पाणी पोचलेलं नसतं. आधी निदान दिवा नव्हता.”

अखेर अपील सुनावणीला आले. दोन न्यायमूर्तींचे पीठ होते. कंपनीने आपल्या अभियंत्यांचा शोध वगैरे सारे सोडून दिले आणि एकच मुद्दा धरला. पेटंटचा अर्ज करण्याआधी शोध लोकांत उघड झालेला नसावा, ही या कायद्याची पहिली अट आहे. चाचणीसाठी लोकांसमोर वापरावा लागला तर एका वर्षाची सवलत मिळते. मंडई त्या वर्षाच्या बाहेर पडत होती. मॅडमनी भंडाऱ्याच्या निकालाचा आधार घेतला: लोकांनी डबे पाहिले, पद्धत नाही. तेव्हा ज्येष्ठ न्यायमूर्तींनी सोमाजींच्या साक्षीचे इंग्रजी भाषांतर काढून मोठ्याने वाचले. भाषांतरात ‘गलका’ नव्हता, ‘सरानं समजावलं’ नव्हते. पद्धत मात्र पूर्ण होती, पायरी न पायरी.

“हा साक्षीदार खोटं बोलतो आहे, असं तुमचं म्हणणं आहे का?” त्यांनी विचारले.

“नाही, महोदय. तो आमचाच साक्षीदार आहे.”

“मग त्याला समजलं होतं. त्याच दिवशी, मंडईत.”

मागच्या बाकावर सर होते. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

निकाल काही आठवड्यांनी आला. निकालपत्रात सरांच्या कामाचे कौतुक आहे. एक पूर्ण परिच्छेद आहे आणि तो मनापासून लिहिलेला आहे. पुढचा परिच्छेद ‘तथापि’ने सुरू होतो. भंडाऱ्याचा निकाल रद्द, दावा फेटाळला. मी ते सारे वाचले. त्यात अन्यायाचे वाक्य मला सापडले नाही. सरांनाही सापडले नाही. त्यांनी ते माझ्या आधी दोनदा वाचले होते.

मॅडमनी आम्हाला कार्यालयात बोलावले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. साक्षीदार आणण्याची कल्पना त्यांची होती, आणि ते त्यांनी स्वतःच बोलून टाकले. सर म्हणाले, “मॅडम, ते राहू द्या. पुढे काय?”

“दिल्लीला जाता येईल. वाट एकच आहे. सोमाजींची साक्ष विश्वासार्ह नाही, असं म्हणावं लागेल.”

“म्हणजे?”

“की ते निरक्षर आहेत, वयस्कर आहेत. मंडईत त्यांनी नुसते डबे पाहिले. पद्धत त्यांना नंतर, गावात डबे लागल्यावर ऐकून ऐकून कळली, आणि कोर्टात ते दिवसांची गल्लत करून बोलले. त्या दिवशी त्यांना समजणं शक्यच नव्हतं, असं तुमचं शपथपत्र जोडायचं.”

“माझं?”

“समजावणारे तुम्हीच होता. तुम्ही म्हटलं की त्याला काही कळलं नव्हतं, तर ते वजनदार ठरेल.”

“पण त्यांना समजलं होतं.”

“सर, तुम्हाला आणि मला माहीत आहे. पण पेटंट जाईल. पेटंट गेलं की तो शेवटचा डबा गेला. कोणीही चार लावेल, तीन लावेल. तुम्ही कोणाला काही म्हणू शकणार नाही.”

“हो.”

“विचार करा. मुदत आहे.”

“मॅडम, त्या दिवशी मंडईत सगळ्यांत आधी त्यांना समजलं. माझ्या वर्गातल्या पोरांना दोन दोन तास लागायचे.” मग ते उठले. गुडघ्यामुळे उठायला वेळ लागला. “असं शपथपत्र मी देणार नाही. तुम्ही खूप मेहनत केली.”

मॅडमनी त्यांना दारापर्यंत पोचवले. मुदत संपण्याआधी त्यांनी मला एकदा फोन केला, सरांना पुन्हा विचारून पाहा म्हणून. मी विचारले नाही. मुदत संपली.

माझ्या दैनिकात बातमी आतल्या पानावर आली. ‘तांत्रिक मुद्द्यावर दावा फेटाळला’, एवढेच. त्याहून जागा नव्हती.

पुढे सोमाजी गेले आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात सरही गेले, म्हणून हे आता लिहिता येते. निकालानंतर सर एकदा गावी गेले होते, तेव्हा मी बरोबर होतो. सोमाजींना तोवर नीट दिसत नव्हते. तलावाच्या पाळीवर चिंचेखाली बसले होते. सरांच्या आवाजाने ओळखले.

“हारलो म्हनते सर?”

“हरलो काका.”

“काहून?”

“अर्जाला उशीर केला मी. कायद्यात मुदत असते.”

“तुमी तं धान कापाची वाट पायली.”

“हो.”

“मंग बराबरच केलं. कापल्याबिगर काय समजते?” मग ते हातातल्या काठीने मातीत रेघ ओढत म्हणाले, “सर, एक इचारू? माह्याच्यानं तं काही बिघडलं नाही ना? साक्षीत? घरी आल्यावर मले वाटे, आपुन जास्त तं नाही बोललो.”

“नाही काका. तुमचा एक शब्द चुकला नाही. नागपूरला साहेबांनी तुमची साक्ष वाचून दाखवली. सगळ्यांसमोर.”

“माही?”

“तुमची. निकालात नाव आहे तुमचं. तुम्ही सांगितलं ते त्यांनी खरं मानलं.”

सोमाजींनी मान वळवली. खाली पाण्याच्या कडेला एक जण जाळे झटकत होता. त्याला त्यांनी हाक मारली.

“आयकलं का बे? माही साक्ष हायकोर्टात वाचली.”

“मंग जिंकले का?” खालून आवाज आला.

“हारलो,” सोमाजी म्हणाले. “पन साक्ष खरी निघाली.”

सरांनी ते दुरुस्त केले नाही. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.